दोनशे बारा हसरी तोंडं

...आणि वर मलाच विचारतात, "हेमकांतभाऊ, हे तुम्हीच लिहिलं ना?" आता काय सांगू? अक्षर माझं, पेन माझं, खाली सही माझी, मग नाही कुठल्या तोंडाने म्हणू? दोनशे बारा फॉर्म भरले मी, घरोघरी हिंडून, चपला झिजवून, आणि त्या दोनशे बारात एक वाकडा शब्द नाही... तुम्हाला सांगतो, चूक कुणा एकाची नाही, आमच्या गावाची खोडच आहे ती. आमच्याकडे वाईट लिहायला पेन रेटत नाही हो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा वड्याचं तेल वांग्यावर काढतोय. आमचं गाव शहाद्याकडे, कळसाडीच्या पुढे. नकाशात शोधू नका, नकाशात ते नेमकं घडीवर आलंय. केळी, ऊस, कापूस, सगळं आहे, आणि दोन खोल्यांचं आरोग्य उपकेंद्रही आहे. त्यात नळ आहे, पाणी नाही. पंखा आहे, तो बाहेर वारा असला की फिरतो. बीपीचं मशीन आहे, पण दंडाला गुंडाळायचा पट्टा चिकटत नाही, म्हणून संध्या सिस्टर वरून आपल्या ओढणीचं टोक बांधायची, आणि आकडा फारच चढला तर म्हणायची, "काका, जरा बसा, पट्टा सुटला असेल, परत बघू." परत बघितलं की आकडा उतरायचा, आणि आकड्याबरोबर आमची भीतीही.

ही संध्या सिस्टर नवापूरकडची, चिंचपाड्याजवळची. घरी त्यांची डोंगरातली आदिवासी कोकणी बोलायची, आमच्याशी शाळेतली मराठी, आणि दोन वर्षांत आमच्या म्हाताऱ्यांना रागवण्यापुरती अहिराणी शिकली. रागवायची मात्र फार. आमच्या मीनाबाईला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, शुगर. गेल्या वर्षी डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जखम रोज स्वच्छ झाली तर पाऊल वाचेल, नाहीतर काही खरं नाही. रोज म्हणजे रोज. ते रोज कोण करणार? मी? मला रक्त बघितलं की घेरी येते. ही पोरगी दिवसाच्या फेरीला निघायच्या आधी आमच्या ओसरीवर यायची, पाय मांडीवर घ्यायची आणि सुरू, "काकू, चप्पल घातली नाही ना? काकू, केळं कुणी दिलं?" बायको माझ्याकडे बोट दाखवायची. माझ्याच वावरातली केळी, आणि मीच चोर.

तर अशात कुठलीशी संस्था आली. मोहिमेचं नाव 'आपलं आरोग्य, आपलं मत'. गावातल्या लोकांनी सांगायचं की दवाखाना कसा आहे, सिस्टर येते का, म्हाताऱ्यांची, अपंगांची विचारपूस होते का, काय कमी आहे, मग वरचे लोक ते सुधारणार. कल्पना उत्तम, मी नाव ठेवत नाही. ग्रामपंचायतीत बैठक झाली, संस्थेच्या साहेबांनी विचारलं, फॉर्म कोण भरून देईल? आमचा माजी सरपंच दिलवरसिंग उठला आणि म्हणाला, "हेमकांतनं अक्षर मोती शे." झालं. आयुष्यभर अक्षर जपलं ते याच्यासाठी.

आणि फॉर्म कसा म्हणता? पंचवीस प्रश्न, आणि वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रत्येक प्रश्नापुढे पाच तोंडं छापलेली. पहिलं ढसाढसा रडणारं, मग रुसलेलं, मग मधलं आमच्या ग्रामसेवकासारखं, मग हसरं, आणि शेवटचं एकदम दात काढणारं. पटेल त्या तोंडावर खूण करायची. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, 'संबंधित कर्मचारी: संध्या सिस्टर'. इथेच घात झाला. प्रश्न पाण्याचा, गाडीचा, औषधांचा, आणि नाव तिचं.

पहिलंच घर लेवा... नाही, घराचं नाव नको, तुम्ही ओळखाल. म्हातारीला विचारलं, आजी, उपकेंद्रात पाणी असतं का? म्हणाली, "नई शे." मी रडक्या तोंडाकडे पेन नेलं, तशी तिने माझा हातच धरला. "मन्हा घर लगीन शे आणि तू रडकं तोंड काढस? हासरं काढ." म्हटलं, आजी, हे दवाखान्याचं तोंड आहे, तुमच्या लग्नाचं नाही. ऐकेल तर शपथ. "कागद मन्हा ना? मंग तोंड बी मन्हं." आता लग्नघरात रडकं तोंड काढून मी कुठे अपशकुन करू? खूण केली हसऱ्यावर. पुढचं घर.

उखाकडे गेलो. उखाच्या सुनेचं बाळंतपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालं, साऱ्या गावाने बघितलं. मी विचारलं, उखा, वेळेवर गाडी मिळाली का? उखा म्हणाला, "गाडी उनी तव्हय पोऱ्या रडी ऱ्हायंता." म्हटलं, वा, गाडी पोराच्या मागून आली, म्हणजे रडकं. तर म्हणतो कसा, "रडकं कशाले? बाळंतपण कोनी करं? सिस्टरनी. पोऱ्या चांगला शे ना? मंग हासरं काढ." मी म्हटलं, अरे, प्रश्न गाडीचा आहे. तो म्हणाला, "नाव ते तिन्हं शे ना वर?" आहे बाबा. तिचंच आहे. वाईट लिहायला पेन रेटत नाही.

असं दोनशे अकरा घरी झालं. प्रत्येक ठिकाणी चहा. कुणी म्हणे, "पाणी नई, ते तिन्हा काय दोष?" कुणी म्हणे, "एकली पोर काय काय करी?" सगळ्यांना सगळं ठाऊक, काय नाही, काय मोडलंय, काय कधी आलंच नाही. पण कागदावर दात काढणारं तोंड. आता तुम्ही म्हणाल, हेमकांतभाऊ, तुमचा स्वतःचा फॉर्म तर तुमच्या हातात होता? होता ना. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ठरवलं होतं, यात सगळं खरं लिहायचं, नळ, पंखा, पट्टा, गाडी, ओळीने. पेनाचं टोपण काढलं, रडक्या तोंडावर पहिली खूण करणार, तोच मीनाबाईने पाय पाटावर ठेवला, पांढऱ्या पट्टीतला, नुकताच बांधलेला, आणि म्हणाली, "तिन्हा नाववर रडकं तोंड? मन्हा पाय कोना हातमा शे, म्हाईत शे ना?" सूचनांसाठी खाली अर्धं पान कोरं होतं. त्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काही नाही'.

दोन महिन्यांनी साहेब आले, नारळ, शाल, फोटो. आमच्या गावाला प्रमाणपत्र, 'शंभर टक्के समाधानी गाव'. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. फ्रेम उपकेंद्रात लावली, नेमकी त्या नळाच्या वर. आणि पंधरा दिवसांत आदेश आला, संध्या सिस्टरची बदली. कुठे? तर नाल्यापलीकडच्या गावाला, जिथे लोकांनी सगळीकडे रडकी तोंडं काढली होती. त्यांचं उपकेंद्र नवंकोरं, रंग ओला, तरी रडकं! मग त्यांना काय मिळालं? पाण्याची टाकी मिळाली, गाडी आता तिथेच उभी असते, आणि 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून आमची सिस्टर मिळाली. आमच्या वाट्याला एक नवी बाई आली, तीन गावांची मिळून एक, आमचा वार गुरुवार. आता त्या जखमेला कोण सांगणार की बाई, गुरुवारपर्यंत थांब?

संध्या निघाली त्या दिवशी बायकोला पट्टी बांधून गेली, उरलेल्या पट्ट्या मला मोजून दाखवल्या, कशी बांधायची ते शिकवलं. मी डोळे मिटून शिकलो. तेव्हापासून सहा दिवस मी बांधतो, अर्धे डोळे मिटून, आणि बायको मला सांगते की कुठे बांधायची. जखम अंगठ्याच्या जागेवरून जरा पुढे सरकलीय. मला भीती वाटते हो, खरं सांगतो. इथे हसण्यासारखं काही नाही.

गेलो मग नंदुरबारला, साहेबांकडे. म्हटलं, साहेब, आम्ही समाधानी नाही. साहेब भला माणूस, पाणी दिलं, फाईल काढली. "काका, हे अक्षर कुणाचं?" माझं. "एकशे नव्वद नंबरचा फॉर्म, पाणी, अतिशय समाधानी. तुमचंच?" माझंच. "अहवालात काय आलंय बघा, या गावात सुधारणेस वाव नाही. आता मी वर काय कळवू? पुढच्या फेरीत नीट लिहा." बरोबर आहे त्यांचं. माझ्याच मोत्यांनी माझा गळा आवळला होता.

पण या वेळी आम्ही तयारी केली. दिलवरसिंगाने मारुतीच्या पारावर अख्खं गाव बसवलं आणि तालीम घेतली, खोटं नाही सांगत. "पाणी?" लोक म्हणाले, "रडकं." "गाडी?" "रडकं." "सिस्टर पायजे का नई?" "पायजे." लग्नघराच्या म्हातारीलासुद्धा पटवलं, लग्न होऊन गेलंय, आता रडायला हरकत नाही. उखाला तीनदा विचारलं, तीनदा रडकं म्हणाला. मीनाबाईने स्वतःहून सांगितलं, "आते लिखाले लाजू नको." मी रात्रभर... नाही, दुपारभर उरलेल्या जुन्या फॉर्मावर रडक्या तोंडांवर खुणा करायचा सराव केला.

आणि या वेळी नियम बदलला. गेल्या वर्षी दोनशे बारा फॉर्म एकाच अक्षरात आले म्हणून गावचा माणूस चालणार नाही, बाहेरचा कर्मचारी येऊन विचारणार. उत्तमच की! परक्यासमोर बोलायला कसली भीड? सकाळी आम्ही दोघं तोंड पाडून ओसरीवर बसलो, अगदी फॉर्मावरच्या पहिल्या तोंडासारखं, आणि स्कूटी दारात थांबली.

संध्या सिस्टर.

गावाला ओळखते म्हणून तिलाच पाठवली. खांद्याला फॉर्मांची पिशवी. पिशवी तिने बाजूला ठेवली, आधी पाय मांडीवर घेतला, माझी पट्टी सोडली, आणि जखम बघितली. रागवली मात्र नाही, तेव्हाच मी समजलो. धुतलं, पुसलं, नवी पट्टी बांधली, म्हणाली, "काका, उद्याच शहाद्याला दाखवा, थांबू नका." मग हात धुऊन पिशवी उघडली, फॉर्म काढला, आणि मान खाली घालून विचारलं, "गावातल्या आरोग्यसेवेबद्दल समाधानी आहात का?"

मीनाबाईने माझ्याकडे बघितलं. मी मीनाबाईकडे. पाय अजून पोरीच्या मांडीवर.

"अतिशय," मी म्हणालो.

पंचवीसच्या पंचवीस प्रश्नांना, तुम्हाला सांगतो, दात काढणारं तोंड. आणि आम्हीच नाही. दुपारपर्यंत उखाने नातू तिच्या मांडीवर ठेवला आणि हसरं सांगितलं, म्हातारीने घरचा लाडू देऊन हसरं सांगितलं, आणि तालीम घेणारा दिलवरसिंग, त्याने तर चहा दोनदा पाजला. जाताना ती आमच्या दारी परत थांबली, पिशवी स्कूटीला अडकवत म्हणाली, "काका, मला इथे परत यायचं होतं हो. या वेळी तरी रडायचं ना."

मी म्हटलं, "पोरी, तू दारात आल्यावर रडकं तोंड आणायचं कुठून?"

ती गेली. स्कूटी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि मग आम्हा दोघांची तोंडं कशी झाली म्हणता? फॉर्मावरचं पहिलं, अगदी हुबेहूब... पण तोवर फॉर्म गेला होता.