फर्स्ट क्लासचा गालिचा

नाही हो, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही, कुमुदवन्सं — आणि ते पत्र जरा इकडे द्या. द्या हो, खात नाही मी. आबासाहेबांनी तुमच्या हाती दिलं, पोस्टात टाक म्हणाले, ठीक — पण घरात सून असताना एक पत्र टाकायला लेकीला सासरहून, पलासियाहून बोलवायचं? मी टाकलं नसतं? नसतं टाकलं, खोटं कशाला बोलू, आधी कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं. सगळं मोडीत खरडलंय. मी सातवी शिकले, छापील वाचते, हे वळवळते किडे मला कोण शिकवणार? तुम्हा बहीणभावंडांना शिकवली त्यांनी मोडी, सरदारी थाटात. आता नैरोबीत हे पत्र यांच्या हाती पडेल, एका दमात वाचतील, आणि दिवाळीनंतर मला नि बेबीला कायमचं न्यायचं म्हणतात ना — बस, राहिले मी इथेच.

काय लिहिलं असेल? तेच, विमानातलं. तुम्हीही तेच विचारायला थांबलात, कळतं मला — आबा माझ्या हातचा चहा का घेत नाहीत, सकाळपासून सियागंजात दत्तोपंतांच्या दुकानावर का बसून असतात. सांगते, आणि चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. यांच्या कंपनीनं आम्हाला नैरोबीची तिकिटं दिली फर्स्ट क्लासची, जायची आणि यायची. सोबत छापील कागद — पुरुषांनी कोट, टाय, पायात बूट. यांनी तिथल्या शिंप्याकडून आबासाहेबांना सूट शिवून घेतला, राखाडी, काय झकास कापड. आणि परत यायच्या दिवशी तुमचे वडील निघाले कसे? खाली धोतर, वर सुटाचा कोट, डोक्यावर पगडी. म्हणे होळकरांच्या रिसाल्यात नोकरी केली, आता म्हातारपणी टाय बांधून सोंग नाही करणार. हे हसले. यांना हसायला काय जातं, हे थोडेच आमच्याबरोबर बसणार होते? आणि मी — जायच्या आधी महिनाभर उकडलेल्या बटाट्यावर काटा-सुरी चालवत होते वन्सं, बेबी झोपली की. उंच टाचा घालून पोळ्या लाटल्या, पायाला सवय व्हावी म्हणून. कोणाला कळू नये, बस.

तर विमानाच्या दारात आबासाहेब थांबले. का? आत गालिचा दिसला. जोडे काढले त्यांनी. गालिच्यावर जोड्यांनिशी जायचं असतं का गं, असं मलाच विचारतात, मागे दहा माणसं खोळंबलेली. जाताना मीच त्यांना दंडाला धरून आत ओढलं होतं, येताना बेबी कडेवर, हात रिकामा कुठे. जोडे काखेत, अनवाणी, पगडी सावरत आत आले आणि बसलेल्या एकेका साहेबाला रामराम घालत सुटले. लोकांनी पेपर खाली घेतले हो बघायला.

मग ते मागे जाऊन बसले. मागच्या डब्यात जागा होती, गेले आपणहून. — असं काय बघता? आपणहूनच म्हणायचं ते. मतलब, होस्टेस आली, तिनं विचारलं, चांगलं हिंदीत विचारलं, ये आपके साथ हैं? त्याच्या आधी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. शेजारच्या मडमेनं बेबीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली — आया? मला, वन्सं. अंगावर लग्नातला शालू, आणि आया. मी नुसती हसले, इंग्रजी कुठे येतं उत्तर द्यायला. कानशिलं तापलेली, त्यात ही विचारतेय, तर निघून गेलं तोंडातून — नौकर है, बच्ची को संभालने लाए हैं.

निघून गेलं म्हणजे — म्हटलं मी. तिला नीट ऐकू गेलं नाही, तर परत म्हटलं. आबासाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे. वाटलं, आता हा माणूस आवाज चढवणार. नाही चढवला. बेबीची दुधाची बाटली त्यांच्या कोटाच्या खिशात होती, ती काढली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, जी, बाईसाहेब. आणि गेले. मधे एकदा बेबी रडायला लागली तेव्हा पडद्यापाशी येऊन उभे राहिले. बोलावल्याशिवाय आत येत नव्हते. नाही बोलावलं मी. रडून रडून झोपली ती. पण ती मडम मग माझ्याशी काय गोड बोलायला लागली, स्वतःचं चॉकलेट दिलं. खरं सांगू? बरं वाटलं मला.

हां, आता वाचा. तुम्हाला येते ना मोडी, मोठ्यानं वाचा, शब्द गाळू नका. — प्रवास सुखाचा झाला. बरं. सूनबाईनं वाटेत फार जपलं — असं लिहिलंय? पुढे? पुढच्या खेपेला मला बोलावू नकोस, गुडघे साथ देत नाहीत. बस? विमानातलं काहीच नाही? मागे उलटून बघा, कोपऱ्यात काही असेल. नाही? अगं बाई. आणि मी इथे पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. मग चांगलंच झालं की. येणार नाही असं त्यांनीच लिहून दिलं, माझ्यावर नाही आलं. आम्ही गेलो की त्यांना पलासियाला तुमच्याकडे न्या, नाहीतरी लेकीचीच माया आहे त्यांना. आणि मी आत्ता बोलले ते आपल्या दोघीतच राहू द्या. चहा घ्या, निवतोय.

पेन कशाला? पत्ता तर दत्तोपंतांनी लिहून दिलाय इंग्रजीत. — खाली जागा उरली म्हणून लिहायलाच हवं का? बरं, आशीर्वाद लिहा भावाला. एवढा मोठा आशीर्वाद? वन्सं, ही दुसरी ओळ झाली. साध्या बाळबोध अक्षरात लिहा ना, मलाही कळेल. काय लिहिताय? — तिसरी. अहो, तोंडानं बोला तरी काही. थांबा, पाकिटाच्या डिंकाला जीभ नका लावू, आधी मला वाचून — कुमुदवन्सं —