तीन कोनांचा नीलम

आमच्या साखरपुड्याच्या अंगठीचं सांगतो. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट असंल. मी येलदरीच्या धरणावर कारकून होतो आणि सुशीला बोरीच्या शाळेत शिकवायची. खडा तिनंच निवडायचा असं ठरलं, म्हणून तिच्या वडिलांना घेऊन आमी परभणीला सराफाकडं गेलो.

सगळे गोल खडे बाजूला सारून तिनं एक तिकोनी नीलम उचलला. सराफानं हातच जोडले. "बाई, हा शनीचा खडा, त्यात असा तीन कोनांचा. मागं एकानं साखरपुड्याला नेला, तर पोरीनं लग्नच मोडलं. खडा माघारी आला."

तिचे वडील छपन्न साली बौद्ध झालेले. ते म्हणाले, "आपण शनी-बिनी मानत न्हाई. पर गोल घेतला तर काय बिघडायलंय?"

सुशीलानं सराफाला विचारलं, "पोरीनं कशापायी मोडलं?"

"तिचं मन दुसरीकडं होतं म्हणं."

"मंग खड्यानं भलंच केलं की. लग्नाआधी खरं कळलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमचं बी काही असंल तर आताच सांगा."

होणारे सासरे माझ्याकडं बघायलेत, सराफ बघायलाय. मी म्हणालो, "शेठ, यांच्या बोटाचं माप घ्या."