गिअरबॉक्सला बाटली पाजणारी माणसं

नाही, मला फक्त एवढंच सांगा, त्या बाटलीत आहे काय? बस्स! एवढंच विचारलं हो मी! तीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांना भर पत्रकार परिषदेत घाम फोडला, पण त्या टीचभर बाटलीने मला जे दमवलं ते कुठल्या मंत्र्याने दमवलं नाही. 'यात काय आहे?' म्हटलं की जो तो तेच वाक्य तोंडावर फेकतो... 'अहो, टाकून बघायला काय जातं!'

काय जातं? तुम्हाला सांगतो काय जातं ते!

आमच्याकडे एक गाडी आहे. ऑटोमॅटिक. जुनी, पण इमानी. ती घेतली बायकोच्या डाव्या गुडघ्यासाठी. ऑपरेशन झालं, क्लच दाबणं बंद झालं, आणि तिला तिच्या चष्म्याच्या दुकानात सोडायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभर सोडलं. वाटेत मी देशाच्या परिस्थितीवर बोलायचो, ती ऐकायची. एक दिवस उतरताना म्हणाली, 'गुडघा परवडला.' मग ही बिनक्लचची गाडी आली आणि बाई पुन्हा एकटी, स्वतःच्या हाताने, गाणी लावून दुकानात जायला लागली. तर अशा गाडीने हिसके द्यायला सुरुवात केली! गिअर बदलला की मागून म्हशीने ढुशी दिल्यासारखा हिसका. आणि गिअरबॉक्स गेला, तर नवा टाकायला लागतात तेवढे पैसे गाडी विकूनही येत नाहीत. म्हणजे गाडी बंद, आणि बायको परत माझ्या शेजारी, देशाची परिस्थिती ऐकत. घरातलं वातावरण काय असेल, कल्पना करा!

मी काय केलं? गाडीबरोबर येतं ना ते जाडजूड पुस्तक, जे उभ्या जगात कुणी उघडत नाही, ते वाचलं. त्यात स्वच्छ छापलंय : गिअरबॉक्समध्ये अमुक प्रतीचं तेल घाला, त्यात दुसरं काही मिसळू नका. मिस्त्रीला म्हटलं, जुनं तेल काढा, नवं भरा. तो म्हणाला, 'शंभर टक्के बरोबर, साहेब. फक्त पुढच्या आठवड्यात आणा, सध्या हात रिकामा नाही.' झालं! तेवढ्या आठवड्यात अख्खी आळी डॉक्टर झाली.

आधी आमचे साडू. 'तुम्ही पत्रकार म्हणजे ना, सगळ्यात संशय! मी माझ्या गाडीत टाकलीय ती गिअरबॉक्सच्या तेलात ओतायच्या औषधाची बाटली. लोण्यासारखी चालते.'

'पण तुमच्या गाडीला त्रास होता का?'

'नव्हता! म्हणून तर सांगतोय, टाकल्यापासून एकदाही झाला नाही!'

आता याला काय बोलायचं? मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांना आम्ही तज्ज्ञ म्हणतो, कारण ते कुठल्याच विषयावर गप्प बसत नाहीत. 'हे बघा, माणसाला वय झाल्यावर टॉनिक लागतं की नाही?' अहो लागतं, पण टॉनिकच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं असतं! ही बाटली मी दुकानात उभं राहून वाचली. पुढे, 'क्रांतिकारी सूत्र'. मागे, 'लहान मुलांपासून दूर ठेवा'. मध्ये काही नाही! दुकानदार म्हणतो, 'घ्या हो साहेब, टाकून बघायला काय जातं!'

बरं, मी एकांगी माणूस नाही. दुसरी बाजू घेतल्याशिवाय कधी ओळ लिहिली नाही. जाणकारांना फोन केले. कळलं असं, की आतले रबराचे सील कडक झाले असतील तर यातल्या काही बाटल्या त्यांना मऊ करतात, गळती काही दिवस थांबते, हिसकाही कधीकधी कमी होतो. मान्य! छापायलाही तयार आहे! पण गिअरबॉक्सच्या आतल्या, घासून झिजलेल्या चकत्या? त्या परत उगवतात? अहो, नुसतं चोळून उगवत असतं तर साडूंच्या डोक्यावर आज जंगल असतं!

घरात जाहीर केलं, 'या गाडीत एक थेंब पडणार नाही. मी बसलोय!' बायको म्हणाली, 'बसा.' एवढंच. बातमीदाराला तिथेच वास यायला हवा होता...

दोन दिवसांनी उड्डाणपुलाचा चढ. बायको चालवतेय, मी शेजारी. आणि इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, गाडी जागची हलेना! मागे भोंग्यांचा कल्लोळ, खाली रस्त्यावर लाल तेलाचा ओहोळ. बायकोचे हात स्टिअरिंगवर घट्ट, डोळे भरलेले. 'गेली का हो?' मी उतरून गाडी ओढणाऱ्याला फोन लावला.

ओढून नेली. मिस्त्रीने तेल मापायची पट्टी ओढली आणि माझ्याकडे बघितलं. 'साहेब, हे तेल आहे का साबणाचं पाणी? खुणेच्या केवढं वर! जास्त झालं की घुसळून फेस होतो, मग गाडी ओढणार कशी? ओतलं कुणी एवढं?'

कुणी ओतलं! घरी येऊन चौकशी लावली. स्वयंपाकघरातल्या नरसाळ्याला लाल डाग. बायको मान वर करून म्हणते, 'हो, मीच ओतली. गाडी माझी, गुडघा माझा, पैसे माझे. तुमच्या तत्त्वांना चाकं आहेत का?' साडूंना फोन लावला. 'मी आपली एकच... म्हणजे एक आणि उरलेली अर्धी. गाडी बाजूला घ्यायला किल्ली दिली होतीत ना, तेव्हा.' आणि तज्ज्ञ? 'तुमचे साडू बॉनेट उघडं टाकून हात धुवायला गेले होते, म्हटलं आलोच आहोत तर... तुमच्यासाठीच हो! टाकून बघायला काय जातं!'

मिस्त्रीने सगळं उपसलं, पुस्तकात लिहिलेलं नवं तेल भरलं. आणि काय सांगू! हिसका नाही, ढुशी नाही. बायकोने चक्कर मारून आणली तेव्हा आत गाणी लागली होती! मी म्हटलं, जिंकलो! तर साडू म्हणतात, 'मुरायला वेळ लागतो बाटलीला.' तज्ज्ञ म्हणतात, 'टॉनिक एका दिवसात अंगी लागतं का?' अहो, ते टॉनिक मिस्त्रीच्या डब्यात पडलंय! दोघांना धरून गॅरेजमध्ये नेलं. म्हटलं, मिस्त्री, सांगा यांना, गाडी कशामुळे सुधारली?

'नव्या तेलामुळे, साहेब. शंभर टक्के. जुनं थेंबभर ठेवलं नाही.'

मी साडूंकडे असं बघितलं... असं!

'आणि मॅडमना परत त्रास नको, म्हणून वरून एक छोटी बाटली मीच टाकलीय. म्हटलं...'

म्हटलं, थांबा. पुढचं मला पाठ आहे.

बाहेर बायकोने हॉर्न दिला. जाऊन बसलो मुकाट शेजारी. गाडी लोण्यासारखी पळतेय, बाई गुणगुणतेय, आणि ती कशामुळे पळतेय हे आता जगात कुणालाही सिद्ध करता येणार नाही. टाकून बघायला काय जातं म्हणता? माझी बातमी गेली हो!