नखांत शाई नाही

ब्लड कॅन्सरच्या ओपीडीत माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. तोंडाला मास्क लावलेला तिचा नवरा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला आणि तिच्याशेजारी टेकला.

"काय म्हणाले?"

"छापखान्यात हाताची शाई कशानं काढायचा, विचारलं. म्हटलं, मशीनचे रूळ पुसायच्या सॉल्व्हंटनं. त्यात बेंझीन असेल तर त्यानंही हा ल्युकेमिया होतो म्हणे. पण खात्रीनं सांगता येत नाही."

"आणि सासूबाई गावभर सांगतायत, सुनेनं शिळंपाकं खायला घातलं म्हणून झालं."

"तिला काय कळतंय."

"तुम्हाला कळतंय ना? मग गप्प का बसता?"

"बरं, सांगतो तिला."

"आमचे बाबा तुमचे हात बघूनच हो म्हणाले होते. छापखान्यातला माणूस, पण नखांत शाई नाही. मुलगा टापटिपीचा आहे, म्हणाले."

"साबणानं निघतच नाही गं ती. बाकीचे तशाच काळ्या हातांनी डबा खायचे, मला हसायचे. मी आपला कोपरापर्यंत धुवायचो."

"आता तुमच्या जागेवर माझ्या भावाला चिकटवलंत."

"तूच मागे लागली होतीस."

"हो, मीच."

"हात कसे असतात त्याचे?"

"लख्ख. तुम्हीच शिकवलंत ना त्याला."

"फोन लाव."

"कधीची लावतेय. उचलत नाहीये. शिफ्ट सुटली असेल, हात धूत असेल."