काकांचा मुनगा

लोकांना शहाणं करायचा उत्साह असेल, तर एकदा आमच्या वामनकाकांना भेटा. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर काकांनी भिलाई-३ गावाच्या पुढे तळं घेऊन त्यात रोहू सोडले. शेजारच्या धानावर फवारलेलं कीडनाशक औषध पावसात वाहून तळ्यात यायचं आणि मासे आजारी पडायचे. मी मत्स्यशास्त्र शिकलेली. म्हटलं, "काका, खाद्यात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची पूड मिसळा. माशांची ताकद वाढेल."

थोड्याच दिवसांत काकांचा फोन आला. "पोरी, तुह्या पुडीनं तं मासोळ्या अजूनच मरून राहिल्या!"

धावत गेले. मुनग्याचं झाड हिरवंगार, एकही अळी नाही. तिथंच मला शंका आली.

"काका, झाडावर काही मारलं का?"

"मंग! अळ्या पडल्या होत्या ना. मस्त फवारलं."

"अहो, ज्या विषापासून वाचवायचं, तेच खाऊ घातलंत!"

तेवढ्यात काकूंनी माझ्यापुढं ताट ठेवलं. भाजी त्याच पाल्याची. मी मागे सरकले.

"खाय बिनधास्त," काका म्हणाले, "आपला पाला चांगला धुतला आहे."

"मग माशांचा का नाही धुतला?"

"थे तं पाण्यातच राह्यतेत. त्याइचा कायले धुवाचा?"