अक्काची राहिलेली सेवा

गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, शिरोलीच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवून आलेल्या पोरांनो,

अक्काच्या शोकसभेला मला उभं केलंय खरं, पण मला भाषण येत न्हाई. भांडायला उभी ऱ्हायले की मला शब्द कमी पडत न्हाईत, हे तुम्हाला ठाऊक हाय. आज पडायला लागल्यात. तालमीचे अध्यक्ष म्हणाले, वैनी, तुम्ही घरच्या, तुम्हीच बोला. आता घरच्यालाच बोलणं सगळ्यात जड जातंय, हे त्यांना कोण सांगणार?

अक्का माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन ह्या घरात आले, तेव्हा थोरले भाऊजी नुकतेच गेलते. मूल न्हाई, बाळ न्हाई. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पल्याड, त्यामुळं बोलताना मधीच कानडी यायचं. मला 'तंगी' म्हणायची. तंगी म्हंजे धाकटी बहीण. जावाजावांचं पटत न्हाई म्हणत्यात. आमचंबी रोज वाजायचं. पण एकीबिगर दुसरीच्या घशाखाली चहा उतरत नव्हता.

अक्काला जन्मात एकच गोष्ट पायजे होती. नरसोबाच्या वाडीला सेवेला ऱ्हायचं. पुनवेला जाऊन दर्शन घ्यायचं, पेढे घेऊन सांजच्या एसटीनं परत, तसं न्हवं. कायमचं ऱ्हायचं. पहाटे नदीत आंघोळ, देवाला प्रदक्षिणा, घाटाच्या पायऱ्या झाडायच्या. पण तिचा एक हट्ट. म्हणायची, "आपण होऊन जायचं न्हाई, तंगी. कुणाला कुठली सेवा द्यायची, ते दत्त महाराज ठरवत्यात. सपनात येऊन सांगत्यात. मला सांगितलं की निघाले." पिशवी मात्र भरून खुंटीला टांगलेली. दोन कोरी लुगडी, तांब्या, जपमाळ.

आणि महाराज यायच्या ऐवजी दुसरंच कोणतरी यायचं. दारात उभं ऱ्हायचं आणि म्हणायचं, "अक्का, आई गेली."

एवढंच. जास्ती काय सांगायला लागायचं न्हाई. आपल्यात बाई गेली की तिला बायांनीच न्हाऊ घालायचं. लेकी लांबच्या गावच्या, त्या पोचलेल्या नसायच्या. सुना रडून बसलेल्या. शेजारणी भित्यात. मग अक्का हाताचं पीठ धुवायची, पदर खोचायची आणि निघायची. एकदा मी तिच्यासंगं गेलते. पाणी घालताना ती त्या गेलेल्या म्हातारीसंगं बोलत होती. "पाणी लई कडक न्हाई न्हवं, आत्ती? हात उचला जरा. झालं, झालं." मी दारातच रडायला लागले.

जात बघितली न्हाई, घर बघितलं न्हाई. इचलकरंजीत मागावरचं काम सुटलं म्हणून एक कुटुंब आपल्या गल्लीत भाड्यानं आलतं. परमुलखातली माणसं, त्यांची भाषा कुणाला कळत नव्हती. त्यांची तरणी सून बाळंतपणात गेली. अक्कानं तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले, आणि वाडीच्या पिशवीतलं एक कोरं लुगडं नेऊन तिला नेसवलं. मी म्हणाले, अगं, ते तुझ्या सेवेचं होतं की. ती म्हणाली, "तिला अंगावर धड काय नव्हतं गं."

पण ऐका, मला खरं सांगायचंय ते पुढं हाय. तिथनं आली की अक्का डोक्यावरनं पाणी घ्यायची आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसायची. त्या दिवशी आत पाऊल टाकायची न्हाई. दर्शनाची पुनवेची एसटीबी चुकायची. किती पुनवा अशा गेल्या. म्हणायची, "मढ्याला लावलेला हात महाराजांच्या पायरीला कसा लावू?" मी चिडायचे. म्हणायचे, मग सोडून दे की हे. दुसरं कोण न्हाई व्हय गल्लीत? तर म्हणायची, "हाय की. पण ती माझ्या दारात आल्यात न्हवं."

माणूस दारात आलं की तिला न्हाई म्हणवत नव्हतं. आणि तिथं जाऊन आली की देव आणखी लांब गेला असं तिला वाटायचं. मी हे रोज बघत होते. कुणाला सांगणार? अक्काला मदतीला बोलवायचं सगळ्यांना ठाऊक, पण तिच्या मनात काय हाय ते कुणीच इचारलं न्हाई.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाला बसले होते. हात धरला माझा. म्हणाली, "तंगी, सपान पडलंच न्हाई गं. महाराजांनी मला बोलावलंच न्हाई. सेवा राहिली माझी." मी म्हणाले, बरी हो, आपण दोघी जाऊ, मी नेते तुला.  दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. काय केलं न्हाई, असं वाटून गेली. हे मला सोसत न्हाई, मंडळी. ती गेली ते एक वेळ सोशीन. हे न्हाई.

अक्काला आंघोळ मी घातली. मढं बघितलं की माघारी पळणारी बाई मी. माझ्या दारात कोण आलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक गेला. तवापासनं एकच इचार करत्ये. देव बोलावतो म्हंजे नक्की करतो तरी काय? सपनातच यायला पायजे व्हय त्यानं? गुरुजी बसल्यात हितं, माझं चुकलं तर कान धरा. मला शास्त्र कळत न्हाई. मला नुसती अक्का परत पायजे. एकदाच. समोर बसवून हे तिला सांगायचंय, आणि आता ते व्हायचं न्हाई. सकाळी अजून दोन कप चहा ठेवत्ये मी.

आता रिवाजानं दोन मिनिटं उभं ऱ्हायचं असतं. थांबा. सगळ्यांनी उठू नका. ज्यांच्या आईला, सासूला, बायकोला, लेकीला अक्कानं शेवटचं न्हाऊ घातलं, त्यांनी तेवढं उठा. बाकीच्यांनी बसा. माझं एवढं ऐका.

उठा की, मागं कोण लाजतंय?

पाटील मामा, तुम्हीबी? आणि दारातली पावणं मंडळी?

अक्का, बघ गं. सतरंजीवर कोण बसलेलंच न्हाई.

आता गप ऱ्हाऊया सगळ्यांनी.