झंपराची उजवी बाही

पुण्यातल्या त्या मास्तरीणबाईंचे उपकार मी विसरायची नाही. नव्वदच्या सुमाराला माझी भाची सुनंदा तिथं फॅशनचं शिकत होती. परीक्षेला तिनं माझ्या मापाचं झंपर शिवलं अन् ते घालून दाखवायला मला लासुर्ण्याहून नेलं.

बाई म्हणाल्या, "उजवी बाही डावीपेक्षा रुंद आहे. नापास!"

सुनंदाला रडू फुटलं. मी दोन्ही हात पुढं केले. "मोजा की! कोयत्यानं ऊस तोडलेला हात हाय ह्यो. दोनी दंड सारखं कसं असतील?"

"आत्या, गप की गं!"

बाईंनी टेप लावली. अर्ध्या इंचाचा फरक! त्या वर्गाकडं वळल्या. "सुनंदा पास. बाकीच्यांनी लिहून घ्या."

शाळेची पायरी न चढलेल्या माझं बोलणं पोरी वहीत उतरवत होत्या. मी डोळे पुसले. "नीट लिवा गं, पुन्यांदा सांगायची न्हाय!"